वजनाला हलका, जाग्याला भारी
(रत्नागिरीची कचरावही : हप्ता दुसरा)

सोमवार, गुहागर
गाडी दीड तास उशिरा. जयगड–तवसाळ फेरीबोटीत मात्र गार वारा. चहा 30, वडापाव 40, रिक्षा 150. पाठ दुखतेय.
मुक्कामी परसात ओल्या कचऱ्याचा खड्डा शोधत होतो. खरकटं म्हशीपुढे, सोडणं न्हाणीच्या चुलीत, पातेरा माडाच्या आळ्यात. "ओला कचरा कुठे टाकता?" विचारलं, तर घरच्या वहिनींना प्रश्नच कळेना.

मंगळवार, दापोली
गाडी पुन्हा उशिरा, पन्नास मिनिटं. धोपावे–दाभोळ फेरीबोट. जेवण 180, सोलकढी पातळ. पाण्याच्या बाटल्या तीन, 60. कालच्या रिकाम्याही पिशवीतच. पाठ. झोपतो.

बुधवार, वेळास
चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं 2002 साली इथे कासवांची अंडी राखायला घेतली. 2006 पासून कासव महोत्सव. पाहुणे घरोघरी उतरतात, चार पैसे गावात राहतात. पाहुण्यांच्या बाटल्याही राहतात.
पहाटे किनाऱ्यावर नायलॉनच्या जाळ्याचा तुकडा, त्यात खेकडा. सोडवायला दहा मिनिटं लागली. सुटला, पण एक नांगी जाळ्यातच ठेवून गेला. दिवसभर तेच डोळ्यांपुढे. मोदक चांगले होते, असं सगळे म्हणाले.

गुरुवार, मंडणगड तालुक्यातली एक वाडी
आज बचतगटातल्या काकी भेटल्या. सत्तरीच्या. ओटीवर विळी मांडून बाटलीच्या गळ्यातली कडी कापतात, झाकण डब्यात टाकतात, बाटली टाचेखाली चेपतात. झाकणाचं प्लास्टिक वेगळं, बाटलीचं वेगळं. मी दुधाची पिशवी फोडली तर दटावलं, "कोपरा तोडायचा नाय, लोंबता ठेवायचा." तुटलेला कोपरा मग कोण वेचणार?
पत्रा, लोखंड, बाटल्या भंगारवाला नेतो. वेफरच्या पाकिटांना हात लावत नाही. आतला चंदेरी थर सुटा होत नाही. ती गोणीत साठतात. गोणी माझ्या छातीएवढी, उचलली तर जेमतेम चार किलो.
"वजनाला हलका, जाग्याला भारी," काकी म्हणाल्या. "जाळला तर खोकला, पऱ्यात टाकला तर दर्यात."
वेंगुर्ल्याला मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात नगरपरिषदेनं कचरा वेगवेगळा करून प्लास्टिकचा चुरा डांबरी रस्त्यात घातला. पण ते शहर. गाडी दारात येते. स्वच्छ भारत ग्रामीणच्या 2020 पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात प्लास्टिक कचऱ्याचं केंद्र तालुक्याला एक, त्याला निधी 16 लाखांपर्यंत. लहान गावाला घनकचऱ्यासाठी माणशी 60 रुपयांपर्यंत. 300 वस्तीचे 18 हजार होतात, तेही एकदाच. गोणी मात्र दर महिन्याला भरते. काकींच्या वाडीला वेचायला माणसं आहेत, जागा आहे, शिस्त तर माझ्यापेक्षा जास्त आहे. अडतं ते टेम्पोच्या भाड्यापाशी.

शुक्रवार, परतीच्या वाटेवर
काकींची गोणी मी घेतली. वडापवाला म्हणाला, "सीट अडते, भाडं पडेल." माझे 50, गोणीचे 50. बाजारात भंगारवाल्यानं माझ्या नऊ बाटल्या ठेवून घेतल्या, गोणीत हात घालून पाहिलं आणि ती माझ्याकडे सरकवली.
जमा : बाटल्यांचे 3. खर्च : वर लिहिला आहे.
गोणी पुण्याच्या गाडीत माझ्या मांडीवर.