गोल्फच्या गावात

एडिंबरोहून निघालेली आगगाडी सेंट अँड्र्यूजपर्यंत जातच नाही. ल्यूकर्स नावाच्या स्टेशनावर उतरायचं आणि बसनं पुढं जायचं. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरचं, दगडी घरांचं हे गाव. गोल्फचं काशी-पंढरपूर म्हणा ना! काठीनं चेंडू मारत होलमध्ये घालायचा, आणि सर्वांत कमी फटके ज्याला लागले तो जिंकला, एवढं कळलं तरी आपल्याला पुरे.

इथलं ‘ओल्ड कोर्स’ हे मैदान कुणा बड्या असामीचं नाही, ते गावचं. एरवी रविवारी खेळ बंद असतो, तेव्हा लोक पोरंबाळं, कुत्री घेऊन खुशाल त्यावर फिरतात. मधून एक अरुंद ओढा जातो, स्विल्कन बर्न. पूर्वी गावातल्या बायका इथं धुणं धुवायच्या आणि काटेरी झुडपांवर वाळत घालायच्या. मग चेंडू नेमका कपड्यांवर पडला तर? एकोणिसाव्या शतकातल्या नियमांत त्याचीही सोय होती: चेंडूखालचा कपडा ओढून घ्यावा, धुण्याचा टब आड येत असेल तर बाजूला करावा. मला तर हा नियम फार आवडला.

चढाओढीच्या गोल्फची खरी सुरुवात मात्र पश्चिम किनाऱ्यावर, प्रेस्टविकला झाली. १७ ऑक्टोबर १८६० रोजी आठ खेळाडू बारा होलांच्या मैदानाला एका दिवसात तीन फेऱ्या मारून खेळले. बक्षीस होतं लाल चामड्याचा पट्टा. विली पार्क १७४ फटक्यांत जिंकला. सेंट अँड्र्यूजचा टॉम मॉरिस दोन फटक्यांनी मागं राहिला. पुढं मॉरिसनं ती स्पर्धा चारदा जिंकली. त्याचा मुलगा टॉमी तर बापाच्या वरताण! १८६८ साली सतराव्या वर्षी तो जिंकला, लागोपाठ तीनदा जिंकला, आणि नियमाप्रमाणे पट्टा घरीच घेऊन गेला. बक्षीसच उरलं नाही, म्हणून १८७१ साली स्पर्धाच झाली नाही! १८७२ साली सुरईसारखा चांदीचा चषक ठरला, त्या वर्षीची स्पर्धाही टॉमीनंच जिंकली. त्याच चषकाची प्रतिकृती आजही ब्रिटिश ओपनला देतात. पुढच्या वर्षी ही स्पर्धा सेंट अँड्र्यूजला आली.

सप्टेंबर १८७५. बापलेक नॉर्थ बेरिकला पार्क बंधूंशी सामना खेळत होते. तिथं तार आली : टॉमीची बायको मार्गारेट बाळंतपणात अडली आहे. आगगाडीनं फार वेळ लागला असता, म्हणून कुणीतरी शिडाची होडी दिली आणि ते खाडी ओलांडून निघाले. घरी पोचेपर्यंत मार्गारेट आणि मूल, दोघंही गेली होती. त्याच वर्षी नाताळच्या दिवशी टॉमीही गेला. वय अवघं चोवीस! पडक्या कॅथीड्रलच्या आवारात त्याचं स्मारक आहे. कोरीव शिल्पात तो चेंडू मारायच्या पवित्र्यात उभा आहे. लोक फोटो काढतात ते चार वेळच्या विजेत्याचे. माझ्या डोळ्यांपुढून ती होडी हलेना.

बायकांच्या खेळाची कथा निराळी. खांद्याच्या वर हात नेऊन काठी फिरवणं बाईला शोभत नाही, असा तो काळ. १८६७ साली इथल्या बायकांनी स्वतःचा पटिंगचा क्लब काढला; फक्त हलक्या हातानं चेंडू होलमध्ये ढकलायचा. त्यांची हिरवळ उंचसखल, म्हणून तिचं नाव चक्क ‘हिमालय’! थोडे पैसे भरले की पाहुण्यांनाही तिथं खेळू देतात.

पुरुषांचा जुना क्लब १७५४ सालचा. त्याची भारदस्त इमारत मैदानाच्या तोंडाशीच आहे, पण बायकांना सभासदत्व नव्हतं. २००७ साली ओल्ड कोर्सवर प्रथमच व्यावसायिक महिला खेळाडूंची स्पर्धा झाली, तेव्हा कुठं त्या खेळाडूंसाठी इमारतीचं दार उघडलं. मेक्सिकोची लोरेना ओचोआ जिंकली. आणि सभासदत्वाचं मतदान? ते व्हायला सप्टेंबर २०१४ उजाडला. ८५ टक्के मतं बायकांच्या बाजूनं पडली. क्लब तेव्हा दोनशे साठ वर्षांचा झाला होता.

ऑगस्ट २०२४ मध्ये महिलांची ओपन पुन्हा इथं आली. न्यूझीलंडच्या लिडिया कोनं पॅरिसला नुकतंच ऑलिंपिकचं सुवर्णपदक मिळवलं होतं. अठराव्या होलला तिनं एक फटका वाचवला आणि ती दोन फटक्यांनी जिंकली. तो होल त्या इमारतीच्या खिडक्यांपुढंच आहे.