द्रोणी: दरीसाठीचा एक विस्मृत शब्द

दोन डोंगरांमधील खोल भूभागाला आपण 'दरी' म्हणतो. संस्कृतातील ज्या धातूपासून हा शब्द आला, त्याचा अर्थ फाडणे, चिरणे. 'विदारण' हा त्याच कुळातला शब्द. ज्याने प्रथम 'दरी' म्हटले, त्याला डोंगर दुभंगलेला दिसला असावा.

जुन्या संस्कृत वाङ्मयात याच अर्थाचा आणखी एक शब्द भेटतो: द्रोणी. विष्णुपुराणाच्या दुसऱ्या अंशात मेरूभोवतालच्या पर्वतांचे वर्णन आहे. त्या पर्वतांमधील, सिद्ध-चारणांचा वावर असलेल्या रम्य प्रदेशांना तेथे 'द्रोणी' म्हटले आहे.

या शब्दाचा उगम मात्र डोंगरात नाही, लाकडात आहे. 'द्रु' म्हणजे वृक्ष किंवा लाकूड. लाकूड कोरून केलेले पात्र ते द्रोण आणि लांबट पात्र ती द्रोणी. अमरकोशात पाणी वाहणाऱ्या लाकडी पात्राला हेच नाव आहे. दोन्ही बाजूंना उंच कडा आणि मध्ये लांबट खोलगट जागा, या साम्यामुळे पात्राचे नाव भूमीला मिळाले.

मराठीत दरीचा हा अर्थ रुळला नाही, पण शब्दाचे कूळ टिकले. पानांचा द्रोण पंगतीत आहे आणि गुरांना पाणी पाजण्याची दगडी डोणी आजही जुन्या वाड्यांत, गडांवर दिसते.

दरीचा अर्थ जपला तो हिमालयाच्या पायथ्याने. देहरादूनमधील 'देहरा' हे नाव सतराव्या शतकात गुरू राम राय यांनी तेथे वसवलेल्या डेऱ्याशी जोडले जाते. 'दून'चे मूळ अभ्यासक द्रोणीत पाहतात. लोकपरंपरा मात्र हे नाव द्रोणाचार्यांशी जोडते. गंमत अशी, की आदिपर्वातील कथेनुसार द्रोणाचार्यांचा जन्मही द्रोणपात्रातच झाला. दोन्ही वाटा अखेर त्याच पात्रापाशी येतात. शिवालिक आणि लघु हिमालयाच्या रांगांमधील अशा लांबट खोऱ्यांना भूगोलातही 'दून' म्हणतात, म्हणून 'दून खोरे' ही वस्तुतः द्विरुक्ती ठरते.

हा केवळ शब्दविनोद नाही. 'दरी' म्हटले की रिकामी फट डोळ्यांपुढे येते. 'द्रोणी' म्हटले की काहीतरी धारण करणारे भांडे. मसुरीच्या डोंगरांतील चुनखडीच्या खाणींचा राडारोडा ओढ्यांवाटे खाली दून खोऱ्यात उतरू लागला, तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९८५ मध्ये त्यांपैकी अनेक खाणी बंद करण्याचा आदेश निघाला. काठावर जे घडते ते तळाशी पोहोचते, हे न्यायालयापुढे पुराव्यांनी मांडावे लागले. त्या भूमीच्या नावात ते आधीपासूनच होते.