छाप उठण्याआधी

न्यू जर्सीतल्या एडिसनला पोचलो त्याच्या दुसऱ्याच सकाळी जावयाने मला परसदारी नेलं. हिरवळीत चार खुंट्या ठोकलेल्या, त्यांना सुतळी बांधलेली. "बाबा, इथे पॅटिओ करायचाय. स्टँप्ड काँक्रीटचा. तुम्ही आहात तोवर उरकून घेऊ."

सातारा जिल्ह्यात बांधकाम खात्यात मी 31 वर्षं काढली. स्लॅब, पूल, बंधारे पाहिले, पण ओल्या काँक्रीटवर दगडाचा छाप उठवताना कधी पाहिलं नव्हतं. त्यामुळे त्या उन्हाळ्यात सगळ्यात जास्त उत्सुकता मला होती.

मुलगी आणि जावई दोन आठवडे नमुन्यांच्या वहीत बुडालेले. कॉब्लस्टोन, लाकडी फळ्या, स्लेट. मुलीचं बोट 'ॲशलर स्लेट'वर थांबलं, लहानमोठ्या चौकोनी फरश्या एकमेकींत बसवल्यासारखा नमुना. "आजीकडच्या शहाबादी फरशीसारखं दिसतंय," ती म्हणाली, आणि निवड तिथेच झाली. ही कला मूळ कॅलिफोर्नियातली. 1950च्या दशकात माँटेरे भागात ब्रॅड बोमन यांनी ओल्या काँक्रीटवर साच्यांनी नक्षी उठवायला सुरुवात केली. पुढे खऱ्या दगडावरून घेतलेले पॉलियुरेथेनचे लवचिक साचे आले आणि दगडाचा खडबडीतपणाही हुबेहूब उतरू लागला.

पहिला कंत्राटदार चाळीस मिनिटं रंगांवर बोलला. उताराचा शब्दही त्याने काढला नाही. दुसरा आला तो आधी गुडघे टेकून भिंतीच्या पायाशी लेव्हल लावून बसला. मग वर बघून त्याने विचारलं, "छपराच्या पन्हळीचं पाणी कुठे उतरतं?" ते नेमकं पॅटिओच्या मधोमध उतरत होतं. तेव्हाच मी मनाशी म्हटलं, काम याला द्यावं. त्याने ती पन्हळ जमिनीखालच्या पाइपने हिरवळीच्या टोकापर्यंत नेण्याचं सुचवलं.

उतार फुटाला पाव इंच, घरापासून बाहेर. भिंतीपासून पुढे 16 फूट, म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत 4 इंच. जावयाचा चेहरा पडला. "टेबल कलंडेल की!" मी कागदावर मांडून दाखवलं: खुर्चीच्या पुढच्या-मागच्या पायांत दीड फूट अंतर, तेवढ्यात फरक अर्ध्या इंचाहूनही कमी. त्याने स्वतः पुन्हा मोजलं आणि मग कबूल केलं.

परवानगीसाठी टाउनशिपच्या कार्यालयात नकाशा द्यावा लागला. छप्पर, ड्राइव्हवे आणि हा नवा पॅटिओ धरून प्लॉटचा किती भाग पाणी न मुरणारा होतो, ते तिथे तपासतात. खोदण्याआधी 811 वर फोन करायचा, तोही फुकट. माणसं येऊन जमिनीखालच्या गॅस-विजेच्या वाहिन्यांवर रंगाच्या खुणा करून गेली. पिवळी रेघ आमच्या खुंटीपासून हातभर अंतरावरून गेली होती.

खाली 6 इंच खडी दाबून बसवली, वर 4 इंच काँक्रीट. 16 बाय 20 फुटांना साधारण 4 घनयार्ड लागतं, आपल्या हिशेबात एक ब्रासहून जरासं जास्त. मिश्रणाबद्दल मात्र मला नवं शिकायला मिळालं. आम्ही व्हायब्रेटर लावून काँक्रीटमधली हवा काढायचो. इथे रसायन घालून त्यात मुद्दाम बारीक बुडबुडे ठेवतात. पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं. त्या फुगण्याला हे बुडबुडे जागा देतात, नाहीतर पृष्ठभागाचे पोपडे सुटतात.

सांध्यांवरून घरात वाद झाला. 16 बाय 20चा तुकडा दोन कापांनी चार भागांत विभागायचा, प्रत्येक भाग 8 बाय 10चा, काप एक इंच खोल. "इतक्या सुंदर दगडांवरून सरळ रेघ मारणार?" मुलीचे डोळे भरून आले होते. कंत्राटदार शांतपणे म्हणाला, "तडा जाणारच आहे. कुठे जावा, एवढंच आपण ठरवतो." मग दोघांनी साचे मांडून पाहिले आणि नमुन्यातल्या दगडांच्या सांध्यांवरूनच काप जाईल अशी मांडणी केली.

जूनमधल्या एका सकाळी साडेसहाला ट्रक आला. रंग मिश्रणातच होता, फिकट मातकट. हातगाड्यांनी माल आत आला, फळीने ओढून सपाट झाला, थापी फिरली. मग सगळे थांबले. वर आलेलं पाणी उडून जाईपर्यंत कोणी हात लावला नाही. कंत्राटदार दर काही मिनिटांनी वाकून अंगठा दाबायचा. अंगठ्याला लगदा चिकटला की मान हलवायचा. अखेर पाव इंचाचा स्वच्छ खड्डा उमटला आणि अंगठा कोरडा निघाला. त्याने हाक मारली.

गर्द राखाडी पावडर उधळली गेली, साचा चिकटू नये म्हणून. चौघं जण साच्यांवर उभे राहून ठोकत, एक साचा उचलून पुढच्याला भिडवत सरकू लागले. दहाच्या सुमाराला पूर्वेकडच्या कोपऱ्यावर ऊन आलं आणि तिथलं काँक्रीट भराभर आवळू लागलं. कोणी बोलत नव्हतं, फक्त धप्प-धप्प आवाज. शेवटचा साचा उठला तेव्हा मुलगी काचेआडून बघत होती. सगळं काळपट, धुळकट. तिला वाटलं, बिघडलं. संध्याकाळी करवतीने काप मारले. दुसऱ्या दिवशी पाण्याने पावडर धुतली, तेव्हा ती फक्त खोबणींत उरली आणि दगड वर आले.

माझा हात राहून राहून पाइपकडे जाई. स्लॅब म्हटला की पाणी मारायचं, ही आयुष्यभराची सवय. इथे धुतल्यानंतर सीलर लावतात, तो आतला ओलावा धरून ठेवतो. त्यात घसरू नये म्हणून बारीक कणही मिसळले. पहिल्या हिवाळ्यात मीठ टाकायचं नाही, बर्फावर वाळू टाकायची, असं जावयाने गॅरेजच्या दारावर लिहून ठेवलंय.

पहिल्या मोठ्या पावसात मुलगी आणि जावई दारात उभे राहिले. पाणी हिरवळीकडे गेलं. ग्रिलच्या कोपऱ्यात ताटाएवढं डबकं राहिलं, ते दुपारपर्यंत वाळलं.

मी परतायच्या आठवड्यात मुलीने मला अंधारात बोलावलं. हातात टॉर्च होता. तिने मधल्या कापात उजेड पाडला. तळाशी, केसाएवढी, एक भेग गेली होती, कापाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. दगडांवर कुठेही तिचा मागमूस नव्हता.