ठिगळाचे वाचन

‘टेक्स्ट’ या शब्दाचे मूळ विणणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदात आहे, हे आपल्या समीक्षेत इतक्या वेळा सांगून झाले आहे की संहिता म्हणजे वीण हे रूपक आता रूपक म्हणून जाणवतही नाही. मला मात्र त्याची अडचण वाटते. विणलेले वस्त्र नवे आणि अखंड असते. ज्यांचा इतिहासच तोडला गेला त्यांच्यापाशी उरतात ते वापरून विरलेले तुकडे, आणि सुई.

उत्तर कन्नड जिल्ह्यातील यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड या तालुक्यांतील सिद्दी स्त्रिया अशा तुकड्यांची ‘कवंदी’ शिवतात. पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गोव्यात गुलाम म्हणून आणलेल्या आणि तेथून पळून घाटातले रान गाठलेल्या माणसांशी या समाजाचे नाते सांगितले जाते. हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान असे तिन्ही धर्म त्यात आहेत. बोली कोकणीच्या जवळची. कवंदीचे शिवण कडेपासून सुरू होते आणि धावदोऱ्याने फिरत फिरत मध्याकडे सरकते. कोपऱ्यांवर घडीची त्रिकोणी ‘फुले’ बसल्याखेरीज ती पुरी मानली जात नाही.

अभ्यासकाला मोह होतो तो या रंगसंगतीत हरवलेली आफ्रिका शोधण्याचा. पण कवंदी पलायनाचे चित्र काढत नाही. चिलीमध्ये १९७३ च्या लष्करी उठावानंतर चर्चच्या आश्रयाने चाललेल्या कार्यशाळांतून स्त्रियांनी ‘आर्पिय्येरा’ शिवल्या. त्यांत नाहीशा केलेल्या आप्तांच्या, तुरुंगांच्या, रिकाम्या चुलींच्या कथा कापडावर दिसतात. पर्सच्या परिभाषेत ती प्रतिमा-चिन्हे आहेत. कवंदीतील ठिगळ हे निर्देशक चिन्ह आहे: ते कशासारखे दिसत नाही, ते कुणाच्या तरी अंगावर होते, एवढेच.

आणि निर्देश परक्याला वाचता येत नाही. आजीची वाकळ मला वाचता येते ती चिन्हमीमांसेच्या बळावर नव्हे. हिरवे ठिगळ कोणाच्या लुगड्याचे, हे मला कुणीतरी सांगितले म्हणून. सांगणारे माणूस गेले की ठिगळ उरते, निर्देश विझतो.

म्हणून आज ठिकठिकाणी स्थलांतरितांसाठी भरणाऱ्या शिवणकामाच्या कार्यशाळांकडे मी थोड्या संशयाने पाहतो. ‘तुमचा प्रवास कापडावर मांडा’ या विनंतीत, प्रत्येक विस्थापिताने आपले मूळ इतरांना समजेल अशा चित्रात सादर करावे, ही मागणी दडलेली असते. जबानी घेणाऱ्या कचेरीची मागणीही फार वेगळी नसते. या कार्यशाळांचे खरे मोल मला दुसरीकडे दिसते. हात गुंतलेले, नजर सुईवर. अशा वेळी बोलता येते, तसेच न बोलताही बसता येते. कापड त्या बोलण्याचे निमित्त असते, त्याची नोंद नव्हे.

समीक्षेने संग्रहालयातील कवंदीपुढे उभे राहताना ही मर्यादा पाळावी. जिने ठिगळ लावले तिने जे सांगितले, ते तिच्या नावानिशी टिपावे. जे सांगितले नाही, तेथे आपल्या सिद्धान्ताचे ठिगळ लावू नये.