कान लावून

छोट्या ट्रॅक्टरच्या डॅशबोर्डवर एक घड्याळ असतं. ते काम चालू असेल तेव्हाच चालतं. ट्रॅक्टर शेडमध्ये उभा राहिला की त्याचा काळ थांबतो. सणवार, पैपाहुणे, लग्नसराई, काहीच त्याच्या खात्यावर चढत नाही. जुन्या, केबलवरच्या मीटरचं तर आणखी वेगळं. इंजिन ठरलेल्या फेऱ्यांनी पळालं तरच त्याचा तास आपल्या तासाएवढा भरतो. हळू चाललं तर आपला तास होऊन जातो आणि त्याचा अजून पुरा व्हायचा असतो. श्रमावर मोजलेला काळ! माणसांची वयं अशी मोजली असती, तर आमच्या वस्तीवरच्या कितीतरी बायका आपापल्या नवऱ्यांहून दहा-दहा वर्षांनी मोठ्या निघाल्या असत्या.

ऑइल बदलायचं ते या घड्याळावर. नव्या ट्रॅक्टरचं पहिलं साधारण ५० तासांनी, पुढचं पुस्तिकेत दिलं असेल तसं, बहुधा २५० तासांनी. पण द्राक्षवाल्यांना आणखी एक पंचांग सांभाळावं लागतं. ऑक्टोबर छाटणी झाली की ट्रॅक्टरला उसंत नसते. ढग आले, पानावर दव साचलं, की दावण्या रोगाची धास्ती. फवारणीचा ब्लोअर जोडून मांडवाखालून फिरायचं, आणि तेही वेळेत. औषध आज जायला हवं असताना ट्रॅक्टर बंद पडला तर उद्याच्या फवारणीला अर्थ राहत नाही. म्हणून छाटणीच्या आधी, पाऊस उघडला की, मी एक सकाळ राखून ठेवतो.

आधी इंजिन थोडं चालवून घ्यायचं. कोमट ऑइल पातळ होतं आणि तळाचा गाळ बरोबर घेऊन उतरतं. खाली पाटी सरकवायची, ड्रेन प्लग पान्यानं सैल करायचा आणि शेवटचे आटे बोटांनी सोडवायचे. पहिली धार जोरात येते, मग बारीक होते, मग थेंब. थेंब संपेपर्यंत घाई करू नये. ऑइल काळं आलं म्हणून घाबरायचं कारण नाही. काजळी स्वतःत धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. ते दुधाच्या चहासारखं दिसलं तर मात्र पाणी शिरलंय असं समजावं आणि मिस्त्रीला बोलवावं. नव्या फिल्टरच्या रबरी कड्याला बोटानं ताजं ऑइल फिरवायचं, फिल्टर हातानंच बसवायचा आणि कडं टेकल्यावर पाऊण फेरा द्यायचा. तिथं पाना लावणाऱ्यांशी माझं कधी जमलं नाही.

लहानपणी आमच्या विहिरीवर ऑइल इंजिन होतं. एका सिलिंडरचं, दोन्ही बाजूंना जड चाकं, हँडल मारून सुरू करायचं. एकानं हँडल फिरवायचं, दुसऱ्यानं वरचा खटका उचलून धरायचा आणि चाकानं वेग घेतला की सोडायचा. खटका पडला की पहिला ठोका पडे, धुराड्यातून काळं वर्तुळ निघे आणि पट्टा पंपाला ओढायला लागे. त्या ठोक्यावरून शिवारात कुणाच्या विहिरीवर पाणी चालू आहे ते कळायचं, कारण प्रत्येक इंजिनाचा आवाज निराळा. इंजिन थंड ठेवायला पंपाचंच थोडं पाणी त्याच्या अंगातून फिरवलेलं असे, ते गरम होऊन दगडी डोणीत पडायचं. थंडीत आम्ही पोरं तिथं अंघोळी करायचो, बायका धुणी धुवायच्या. डिझेलचा वास अंगाला लागायचा, पण तेवढं ऊन पाणी घरच्या बंबात कुठलं!

आमचे अण्णा त्या इंजिनाला कान लावायचे. काठीचं एक टोक वरच्या झाकणावर टेकवायचे, दुसरं कानाच्या मागच्या हाडावर, आणि डोळे मिटायचे. ‘टॅपेट वाजतोय’ म्हणायचे, आणि इंजिन बंद करून पत्तीनं फट तपासायचे. मला काठी देत तेव्हा आधी नुसता गोंगाट ऐकू यायचा. मग हळूहळू त्यातले आवाज सुटे व्हायचे: हा व्हॉल्व्ह, हा डिझेलचा पंप, हा पट्ट्याचा फटका. अण्णा शाळा फार शिकले नव्हते, पण असं लक्ष देऊन ऐकणारा माणूस मला पुढं विद्यापीठातही क्वचितच भेटला.

यंत्रं म्हटलं की आठवते ती किर्लोस्करवाडी आमच्यापासून लांब नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानातल्या निवडुंगाच्या माळावर तो कारखाना वसवला. त्यांचा लोखंडी नांगर आला तेव्हा लोखंडानं जमिनीला विष चढतं म्हणून शेतकरी तो घ्यायला तयार नव्हते. आणि याच कारखान्यातून १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ निघालं, १९३० साली ‘स्त्री’. नांगराच्या फाळाशेजारी मासिकाची पानं छापली जात होती, याचं मला आजही अप्रूप वाटतं. लिहिणारा हात आणि पाना धरणारा हात वेगळे मानायची सवय आपल्याला नंतर लागली असावी.

पुन्हा ट्रॅक्टरकडे. नवं ऑइल भरून झालं की हवेकडे वळायचं. उन्हाळ्यात रोटाव्हेटर चालवलेला असला की एअर क्लीनर धुळीनं भरलेला असतो आणि इंजिनाचं आयुष्य धूळच खाते. सुका फिल्टर असेल तर आतून बाहेर हवा मारायची, उलटी नको. रेडिएटरच्या जाळीतला पाचोळा काढायचा. मग ग्रीसगन. निप्पल आधी फडक्यानं पुसायचं, नाहीतर माती आपणच आत ढकलतो. पुढच्या आसाच्या मधल्या खिळीत ग्रीस भरत राहायचं, कडेनं जुनं, काळपट ग्रीस बाहेर येऊन मागून नवं दिसेपर्यंत.

शेवटी पाटीतलं जळकं ऑइल उरतं. पूर्वी ते वाळवीसाठी मांडवाच्या लाकडी डांबांना फासत. पुष्कळ ठिकाणी बांधावर ओततात. मुरलं म्हणजे संपलं असं वाटतं, पण ते संपत नाही. ते घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये भरा आणि जुनं ऑइल रीतसर गोळा करणाऱ्याकडे द्या. विहिरीच्या काठावर तर एक थेंबही सांडू नका. आपण तेच पाणी पितो.