पाव, पान आणि बटाटा

मैत्रिणींनो, ‘मी जपानात इंग्रजी शिकवते’ म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे काय उभं राहतं, ते मला ठाऊक आहे. फुललेली चेरीची झाडं, चकचकीत शाळा आणि बाईंचा थाट! पण खरं सांगू? पहिले सहा महिने मी इथे अक्षरशः मुकी होते.

आमचं गाव हामामात्सु. टोकियो आणि ओसाका यांच्या साधारण मध्यावर, समुद्राकाठी. पियानो आणि मोटारसायकलींच्या कारखान्यांचं गाव. यांची इथे बदली झाली, म्हणून साताऱ्याच्या शाळेतली बारा वर्षांची नोकरी सोडून मीही आले. नवऱ्याच्या व्हिसावर येणाऱ्या बायकांना परवानगी काढून आठवड्याला २८ तासांपर्यंत काम करता येतं. २०२० पासून इथे पाचवी-सहावीला इंग्रजी हा रीतसर विषय झाला. वर्गशिक्षिकेच्या मदतीला इंग्रजी बोलणारं माणूस हवं असतं. ती मदतनीस मी.

शाळेच्या दारातच बाहेरचे बूट काढून आतले घालायचे. तास ४५ मिनिटांचा. ‘मिल्क’चं ‘मिरुकु’ होतं, ‘हॉटेल’चं ‘होतेरु’. हसू नका हं, आपणही स्टेशनचं ठेसन केलंच की! दुपारी पांढरे एप्रन आणि टोप्या घालून मुलंच वर्गात जेवण वाढतात. हात जोडून ‘इतादाकिमासु’ म्हणायचं आणि बाईंसकट सगळ्यांनी एकत्र जेवायचं. मग झाडलोटही मुलांचीच. ओणवं होऊन, ओलं फडकं ढकलत, लांबलचक व्हरांडा पुसत ती धावतात. पहिल्या दिवशी मी नुसती बघत उभी राहिले. दुसऱ्या दिवशी ओढणी खोचली नि फडकं घेतलं.

मी शाकाहारी, आणि इथे साध्या सारातसुद्धा माशाचा अर्क. म्हणून शाळेला विचारून मी पोळीभाजीचा डबा नेते. त्या डब्याची गोष्ट पुढे येईलच.

वर्गात मी ‘सेन्सेई’, म्हणजे बाई. शाळेबाहेर मात्र बिगरीतली पोर! दही म्हणून आणलेला डबा गोड निघायचा. चुकीच्या दिवशी ठेवलेली कचऱ्याची पिशवी, वर चिठ्ठी चिकटवलेली, तिथेच राहायची. शेजारच्या आजींनी तारखांवर खुणा करून कॅलेंडर दिलं, तेव्हा कुठे ते कोडं सुटलं.

एकदा पोस्टात फॉर्म भरायचा होता. मला एक अक्षर कळेना. मागे रांग. पण काउंटरवरच्या बाईंनी एकेका चौकटीवर बोट ठेवलं, मी लिहीपर्यंत थांबल्या. माझ्या हातातला कागद त्यांनी ओढून घेतला नाही. आणि मला एकदम माझ्या सासूबाई आठवल्या. बँकेत इंग्रजी फॉर्म पुढे आला की त्या चाचरायच्या, आणि मी म्हणायची, “द्या इकडे, तुम्हाला नाही जमायचं.” चार माणसांत! त्या पोस्टात उभ्या उभ्या माझा चेहरा तापला.

त्यानंतर मी वर्गातल्या एका मुलीकडे नीट पाहू लागले. पाचवीतली, मागच्या बाकावरची. नाव जपानी, पण घरी बोलणं पोर्तुगीज. १९०८ पासून पुष्कळ जपानी माणसं पोटासाठी ब्राझीलला गेली. १९९० मध्ये जपानने कायदा बदलला आणि त्यांची नातवंडं इथल्या कारखान्यांत कामाला येऊ लागली. हामामात्सुत अशी खूप कुटुंबं आहेत. ही मुलगी तोंडच उघडत नसे. ‘कच्ची आहे’ असा माझाही शेरा मनात तयार होता. साताऱ्यात असे किती शेरे मी लिहिले असतील!

एके दिवशी मी तिच्या शेजारी जेवायला बसले. तिने डब्यात डोकावून बोट दाखवलं. मी सवयीने मराठीतच म्हणाले, “बटाटा.”

तिचे डोळे मोठे झाले. “बताता!”

अहो, आपला बटाटा पोर्तुगिजांकडूनच आलेला! आपला पावही त्यांचाच, आणि गंमत म्हणजे जपानी लोक पावाला ‘पान’ म्हणतात, तोही शब्द पोर्तुगीजच. पुढच्या तासाला खाण्याचे पदार्थ होते. मी फळ्यावर ‘ब्रेड’ लिहिलं आणि खाली हे तिन्ही शब्द. पोर्तुगीज उच्चार कसा करायचा, ते मी तिलाच विचारलं. तिने उभं राहून सांगितला. सगळा वर्ग तिच्यामागून म्हणाला. चुकला. ती हसली!

ती आता फडाफडा इंग्रजी बोलते, असं सांगून मी तुम्हाला फसवणार नाही. पण ती हात वर करते. मीही जपानी शिकते आहे. क्रियापद आपल्यासारखंच शेवटी येतं आणि प्रश्नालाही शेवटी चक्क ‘का’ लागतो! ‘किमासु का?’ म्हणजे ‘येता का?’ मी चुकते, आजी हसतात, मीही हसते.

परवा सासूबाईंचा फोन आला होता. म्हटलं, “आई, मी सुट्टीत आले की आपण दोघी बँकेत जाऊ. फॉर्म तुम्ही भरायचा. मी नुसती शेजारी बसेन.”

थोडा वेळ त्या गप्पच होत्या. मग म्हणाल्या, “पण घाई करायची नाही हं.”

नाही करणार. तेवढं तरी मी या परक्या गावात शिकले आहे.