यीस्टची वाढ पाण्याच्या वहीत

बीड जिल्ह्यात माजलगावच्या बाजूला एका डिस्टिलरीत शिकाऊ केमिस्ट म्हणून लागले, तेव्हा यीस्ट मोजायचे म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजायच्या, एवढेच मला ठाऊक होते. सरांनी मात्र कूलिंगच्या पाण्याची वही पुढे केली. "यीस्ट कसं वाढतंय ते यात बघ." पाण्याच्या आकड्यांत यीस्ट कुठे शोधायचे, काही केल्या कळेना.

मळीतली साखर खाऊन यीस्ट अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार करते, सोबत उष्णताही सोडते. फर्मेंटर 30-32 अंशांवर राखायचा, म्हणून ती उष्णता पाण्याने सतत काढून घ्यावी लागते. एक लिटर पाणी एक अंशाने तापायला एक किलोकॅलरी लागते; तासात हजार लिटर पाणी 3 अंशांनी तापून बाहेर आले, की 3,000 किलोकॅलरी बाहेर पडल्या. हिशेब समजला, पण डोके आणखीच चक्रावले. 180 ग्रॅम ग्लुकोज पूर्ण जाळले तर सुमारे 2,800 किलोज्यूल मिळतात. आंबवताना त्यातली बहुतेक ऊर्जा अल्कोहोलमध्येच राहते. मग टाकी एवढी तापते कशी? कारण टाकीत साखरच टनावारी असते. फ्रान्समध्ये द्युब्रनफो यांनी 1856 मध्येच आंबणाऱ्या मोठ्या पिंपाची उष्णता मोजली होती, हे नंतर वाचले आणि फार धीर आला.

मळी काळीकुट्ट. गढूळपणावरून वाढ ओळखावी तर उजेडच आरपार जात नाही. उष्णतेला रंगाची अडचण नाही. तरी एक गोष्ट पचायला वेळ लागला. सुरुवातीला पेशी वाढतात तशी उष्णता चढते, पण पेशींची वाढ थांबल्यावरही साखर असेपर्यंत ती येतच राहते. म्हणजे वही यीस्टचे काम सांगते, डोकी मोजत नाही. त्यासाठी मिथिलीन ब्लू लावून सूक्ष्मदर्शक लागतोच. मेलेल्या पेशी निळ्या दिसतात.

पुढे हेच घरी दोन थर्मासमध्ये करून पाहिले. दोन्हींत गुळाचे पाणी, एकात जिवंत यीस्ट, दुसऱ्यात उकळून मारलेले. आपल्याकडच्या उन्हाची झळ दोन्हींना सारखीच, त्यामुळे तापमानातला फरक तेवढा यीस्टचा. जिल्ह्यातल्या विज्ञानशिक्षकांनी हा प्रयोग वर्गात जरूर करावा. तोंडाला झाकण घट्ट लावू नका, कापसाचा बोळा बसवा. वायूला वाट हवी.